मदत हवी आहे: कोलोरॅडोत विहिरीच्या उपशासाठी भरपाईचं पाणी कुठून मिळवावं?

नमस्कार मंडळी,

मी मूळची निफाडची. आता नवऱ्याबरोबर कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या उत्तरेला वेल्ड काउंटीत शेती करते. साउथ प्लॅट नदीपासून मैलभरावर ३० एकर भाडेपट्ट्याने घेतली आहे. भेंडी, गवार, मिरची, मेथी लावतो आणि डेन्व्हरच्या देशी दुकानांत माल देतो. शेतात विहीर आहे (आपल्या भाषेत बोअरच), पाणी भरपूर आहे. तरीही यंदा मोटर हवी तितकी चालवता येणार नाही, कारण उपशाच्या बदल्यात नदीला परत द्यायचं पाणी आमच्याकडे कमी आहे.

हे अण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "विहीर आपल्या बांधात, मोटर आपली, मग नदीचा काय संबंध?" मलाही पहिलं वर्षभर हेच वाटायचं.

इथे पाण्याचा हक्क तारखेवर चालतो. ज्याने आधी पाणी वापरायला घेतलं, त्याचा नंबर आधी. १८७६ च्या राज्यघटनेतच तसं आहे. नदीवरचे मोठे पाट एकोणिसाव्या शतकातले, विहिरी बहुतेक विसाव्यातल्या, त्यामुळे आम्ही रांगेत शेवटी. १९६९ च्या कायद्याने नदी आणि काठाखालचं भूजल एकच धरलं. जुन्या हक्कदाराला पाणी कमी पडलं की तो नदीवर 'कॉल' लावतो आणि आमच्यासारख्यांना पंप बंद करावा लागतो. तो चालू ठेवायचा तर नदीचं जेवढं पाणी आपण कमी केलं तेवढं योग्य जागी, योग्य वेळी परत द्यायचं. याला ऑगमेंटेशन प्लॅन म्हणतात आणि तो वॉटर कोर्टातून मंजूर व्हावा लागतो. आम्ही विहीरवाल्यांच्या एका संस्थेमार्फत त्यात आहोत. यंदा संस्थेने उपशाचा कोटा निम्म्याहून खाली आणला.

खरी गोम वेळेची आहे. ऑगस्टमध्ये उपसलं तर नदीला ते लगेच जाणवत नाही. विहीर जितकी लांब तितका उशीर, कधी महिने, कधी वर्षं. म्हणजे जानेवारीत, शेत रिकामं आणि वरची धरणं भरून घ्यायची घाई चालू असताना, आमच्या नावावर देणं निघतं. आज पंप कायमचा बंद केला तरी मागच्या उपशाचं देणं उरतंच. शेजारचे एक आजोबा २००६ ची गोष्ट सांगतात. त्या मे महिन्यात, लागवड होऊन गेल्यावर, या खोऱ्यातल्या ४०० हून अधिक विहिरी भरपाईचं पाणी नाही म्हणून बंद करायला लावल्या. उभं पीक सोडून द्यावं लागलं, हे सांगताना त्यांचा आवाज अजून बदलतो. माझी झोप उडाली आहे ती त्यामुळेच.

आमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी भाड्याने घेणं. रॉकी पर्वताच्या पश्चिमेकडून आणलेलं पाणी शहरांना पुन्हा वापरता येतं, विकताही येतं. पण करार वर्षाचाच मिळतो, आणि दुष्काळात शहर ते स्वतःकडे ठेवणार, म्हणजे नेमकं आम्हाला लागेल तेव्हा. दुसरी, शेताच्या वाळूमिश्रित कोपऱ्यात तीनेक एकरांचं पाझर तळं. नदीवर कॉल नसेल तेव्हा पाटातून पाणी आणून मुरवायचं, ते हळूहळू नदीला पोचतं आणि आमच्या खात्यावर जमा होतं. मन इकडे ओढतंय. आपल्याकडच्या पाझर तलावासारखंच, फक्त इथे थेंबाथेंबाचा हिशोब ठेवावा लागतो: आत किती आलं, बाष्प किती झालं, सगळं.

असं तळं कुणी प्रत्यक्ष चालवलंय का? जमीन भाड्याची असताना मुरलेलं पाणी कुणाच्या खात्यावर जमा धरायचं, मालकाच्या की कुळाच्या, हे करारात कसं लिहून घ्यावं? कोर्टाचा निकाल येईपर्यंत स्टेट इंजिनिअरच्या (राज्याच्या पाणी अधिकाऱ्याच्या) कार्यालयाकडून वर्षापुरता 'सब्स्टिट्यूट वॉटर सप्लाय प्लॅन', म्हणजे भरपाईच्या पाण्याची तात्पुरती योजना, मंजूर होतो असं वाचलंय; त्यासाठी लागणाऱ्या खाजगी इंजिनिअरचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपतो का? भूजलात काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.

भर: तिघांनी ठिबक लावा असं सुचवलंय, मनापासून आभार. ठिबक आहेच. त्याने उपसा कमी होतो, पण हिशोब उपशाचा नसून पिकाने पिऊन टाकलेल्या पाण्याचा असतो. पाटाने भिजवलं तर जास्तीचं मुरून नदीकडे परत जातं, ठिबकमध्ये तसं फारसं काही उरत नाही. त्यामुळे देणं उपशाच्या प्रमाणात घटत नाही. नाशिककडे मी स्वतः सगळ्यांना ठिबकच सांगत आले, म्हणून हे पचायला जड गेलं.

भेंडी मेच्या मध्यात टोकायची आहे. ३० एकर लावायची की १२, हे त्याआधी ठरवायला हवं, म्हणून उत्तरं जरा लवकर द्याल का?