वय ३६, एएमएच कमी: आयव्हीएफचा निर्णय आताच घ्यावा का?

प्रश्न:
माझे वय ३६ आहे. गर्भनळ्या मोकळ्या आहेत आणि यजमानांची वीर्यतपासणीही सामान्य आली आहे, परंतु माझे एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे रक्तातील संप्रेरक) कमी असल्यामुळे डॉक्टरांनी थेट आयव्हीएफ (स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याचा उपचार) सुचवले आहे. सासूबाई मायेनेच 'अजून थोडे थांबा' म्हणतात. खर्चाचीही चिंता आहे. काय करावे?

प्रतिसाद १:
ताई, एएमएचवरून स्त्रीबीजांच्या शिल्लक साठ्याचा अंदाज येतो, त्यांचा दर्जा कळत नाही; त्यामुळे केवळ त्या आकड्याने खचून जाऊ नका. वयाचे मात्र तसे नाही. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर तपासणी करावी असे सांगतात, ते बीजांचा दर्जा वयानुसार घसरतो म्हणूनच. आधी आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) करून पाहण्यात अर्थ आहे का, हे दुसऱ्या तज्ज्ञांना अवश्य विचारा, पण त्यात वर्ष घालवू नका.

प्रतिसाद २:
२०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार आयव्हीएफ केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे, ती आधी पाहा. यशाचे प्रमाण विचारताना तुमच्या वयोगटात प्रत्यक्ष किती बाळे जन्मली, हेच विचारा. नुसती 'पॉझिटिव्ह' चाचणी म्हणजे बाळ नव्हे. सांगितलेल्या रकमेत इंजेक्शने आणि भ्रूण गोठवण्याचा खर्च धरला आहे का, हे लेखी घ्या.

प्रतिसाद ३:
मी यातून गेले आहे. रोज पोटात इंजेक्शन घेणे जमते, निकालाची वाट पाहणे अधिक जड जाते. किती वेळा प्रयत्न करायचा आणि कुठे थांबायचे, हे दोघांनी सुरुवातीलाच ठरवा.