मदत हवी आहे: जुन्या १९११ पिस्तुलावरचे बदल नेमके कुठून आले?

प्रश्न
कोल्टच्या १९११ पिस्तुलाच्या जुन्या फोटोंना ओळी लिहायच्या आहेत. एका फोटोत चापाभोवतीची कडी पुढून चौकोनी आहे, सेफ्टीचा खटका दोन्ही बाजूंना, मुठीच्या वर मागे रुंद शेपूट, आणि पुंगळी बाहेर पडते ती खिडकी खाली कापलेली. हे सगळं एकाच काळातलं आहे का?

प्रतिसाद १
नाही. पहिले बदल खुद्द अमेरिकन लष्करानेच केले. मागे येणारा घोडा (चाप ओढल्यावर आपटणारा हातोडा) अंगठ्याजवळची कातडी चिमटायचा, म्हणून १९२० च्या दशकातल्या १९११ए१ या सुधारित आवृत्तीत शेपूट लांबवलं. चाप आखूड केला, त्याच्यामागे बोटांसाठी खाचा दिल्या, मुठीची पाठ फुगीर केली.

पुढचा टप्पा कॅम्प पेरीच्या (ओहायोतलं राष्ट्रीय स्पर्धांचं मैदान) नेमबाजीचा. लष्करी पिस्तूल चिखलातही चालावं म्हणून मुद्दाम सैल ठेवलेलं असायचं. ५० यार्डांवर तोच सैलपणा नडतो, कारण नळी दरवेळी त्याच जागी येऊन बसत नाही. म्हणून कारागीर स्लाइड (नळीवरचा पुढेमागे सरकणारा भाग) घट्ट करू लागले, नळीच्या तोंडाशी नेमक्या मापाचं बुशिंग (नळी धरणारं कडं) आणि वर फिरवून जुळवता येणारी साइट बसवू लागले. १९५८ चा राष्ट्रीय पिस्तूल विजेता, स्वतः कारागीर असलेला जिम क्लार्क याच घडणीतला. घट्टपणा अती झाला की थोड्या धुळीनेही स्लाइड अडखळते, हा त्याचा तोटा.

प्रतिसाद २
वरच्यात भर. तुमच्या फोटोतली चौकोनी कडी आणि दुहेरी सेफ्टी हे कॅलिफोर्नियाचे पिस्तूल-कारागीर आर्मंड स्वेन्सन यांचं वळण. चौकोन दुसऱ्या हाताच्या तर्जनीला टेकायला, दुहेरी खटका डावखुऱ्यांसाठी. त्याच प्रांतात नेमबाजीचे शिक्षक जेफ कूपर यांच्या भोवती वेगाची नेमबाजी वाढली आणि १९७६ साली कोलंबिया, मिसूरी इथे तिची आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी स्थापन झाली. तिथे वेळ मोजली जाते, म्हणून मॅगझिन झटकन बदलता यावं यासाठी, ते मुठीत जिथून आत जातं त्या तोंडाच्या कडा तासायची पद्धत फोफावली.

खिडकीचं कारण साधं आहे: पुंगळी कडेवर आपटून चेपली की तीच पुंगळी पुन्हा भरून वापरताना त्रास होतो.

रुंद शेपूट मात्र नंतरचं, ऐंशीच्या दशकात रुळलेलं. घोडा नीट बघा. लष्करी घोड्याचं लांब टोक त्या शेपटावर आपटतं, त्यामुळे तिथे बहुधा कोल्टच्या कमांडर मॉडेलसारखा भोकाचा गोल घोडा दिसेल.

धागाकर्ता
घोडा गोलच आहे. चापालाही तीन भोकं आहेत, ती शोभेची का?

प्रतिसाद २
वजन कमी करायला. स्लाइड धाडकन मिटते तेव्हा जड चाप जडत्वाने मागे राहतो आणि आतल्या खटक्याला धक्का देतो. चाप हलका ओढायचा केलेल्या पिस्तुलात त्याने घोडा अर्ध्यावर घसरतो. हलका, भोकांचा चाप त्यावरचा उपाय.

प्रतिसाद १
एक खूण राहिली. नळीच्या तोंडाचं बुशिंग बोटांसारखं चिरलेलं असेल तर ते कोल्टच्या सीरिज ७० या पिस्तूल-मालिकेचं मूळ बुशिंग. ती बोटं तुटत, म्हणून बरेच कारागीर ते काढून अखंड बसवत. फोटोत अखंड असलं, तरी फक्त त्यावरून सीरिज ठरवू नका. ओळीत "स्वेन्सन पद्धतीची कडी आणि सेफ्टी, शेपूट नंतरचं" एवढं लिहा. कारागिराचा शिक्का दिसल्याशिवाय "स्वेन्सन यांनी घडवलेलं" असं लिहू नका, कारण ही धाटणी पुढे अनेकांनी उचलली.