काळीज म्हंजे दिल का कलेजी? अन् मन कोठी असते?

कापूसकोंड्या :
मंडळी एक शब्द अडला म्हणून लिहून रायलो, चुकलं असन तर सांगा.

मागच्या आठवड्यात काकूले घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलतो. दोन महिन्यापासून तिचं एकच, काळीज खालीवर होते, जिवाले चैन नाई, रात्री दोन वाजता उठून ओट्यावर जाऊन बसते. सोयाबीन पाण्यात गेलं तवापासूनच हे सुरू झालं हे घरात सर्वायले माहीत आहे पण कोणी बोलत नाई. डॉक्टर पोरगा नवीन होता, बोलण्यावरून पुण्याकडचा वाटला, त्यानं बीपी पाह्यलं, ईसीजी काढला अन् म्हणे आजी तुमचं हृदय एकदम छान आहे, हे मानसिक आहे. झालं! काकू ताडकन स्टुलावरून उठली. "मानसिक म्हंजे? मी काय येडी आहो काय रे बापा? माह्यं काळीज धडधड करते अन् तू मले येडी म्हन्तं?" पदर खोचला अन् बाहेर. मी चिठ्ठी घेऊन मागं मागं.

वापस येताना एसटीत तिनं मले इचारलं, "हृदय बरोबर आहे म्हन्ते तो, मंग मन कोठी असते?" मी आपलं डोक्याकडं बोट दाखवलं. तिनं असं पाह्यलं माझ्याकडं की येडा मीच. मंग छातीवर हात ठेवून म्हणे, "मी म्हन्तो तवा मी हात इथं ठेवतो, डोक्यावर ठेवतो काय?"

आता याले काय उत्तर द्याचं. तर मले दोन गोष्टी पाहिजेत. एक म्हंजे काळीज हा शब्द नेमका कायले आहे, हार्टले का लिव्हरले, कारण शब्दकोशात दोन्ही सापडून रायलं. अन् दुसरं, "मानसिक" याच्यासाठी आपल्या बोलीत काही बरा शब्द आहे का, ज्यानं म्हातारं माणूस दवाखान्यातून उठून नाई जाणार.

तर्री_मारके :
पहिल्याचं उत्तर सोपं आहे भाऊ. बुधवारच्या बाजारात मटनाच्या दुकानावर जा अन् म्हण पावभर काळीज दे. तो तुले कलेजी देईन, मऊ, काळपट लाल, वरून चकचकीत. म्हंजे लिव्हर. हार्ट पाहिजे असन तर "दिल" म्हणाव लागते, ते लहान असते, कडक, खाताना रबरावानी, बकऱ्यामागं एकच निघते म्हणून बहुतेक खाटीक ते कलेजीतच कापून टाकते. मेंदूले भेजा. मेंदू म्हणून मागणारा माणूस मी तरी आजवर पाह्यला नाई.

म्हंजे खाटकाच्या ओट्यावर काळीज लिव्हर आहे अन् पोरगी सासरी चालली का तेच काळीज हार्ट होते.

निवृत्त_खडू :
वरच्यांनी मोलाचं सांगितलं. संस्कृतात कालेयक म्हणजे यकृत, त्यातून हिंदीत कलेजा आणि आपल्याकडे काळीज. म्हणजे मूळचा अर्थ खाटकाकडेच शाबूत राहिलाय, आपण बाकीच्यांनी तो चार बोटं वर डावीकडे सरकवला. आणि आपला रोजचा शब्द "काळजी", तो याच काळजातून आलाय. फारसीतला जिगर म्हणजेही लिव्हरच, पण जिगरबाज म्हणताना कोणाच्या मनात लिव्हर येतं का? जिगरी दोस्त म्हणजे लिव्हरचा दोस्त, आता त्यावर गावातले पिणारे काय विनोद करतात ते जाऊ द्या.

हे आपल्याकडेच नाही. ग्रीकांमध्ये प्लेटोने माणसाच्या आतल्या शक्तीचे तीन भाग केले, विचार डोक्यात, राग-शौर्य छातीत आणि हाव पोटाकडे, पुढे गॅलन नावाच्या वैद्यानं त्या हावेला यकृतात बसवलं. इजिप्तवाले तर प्रेत टिकवताना मेंदू नाकातून आकडा घालून काढायचे आणि टाकून द्यायचे, आतडी, फुप्फुसं, जठर, यकृत बरण्यांत जपायचे, आणि हृदय मात्र जागेवर ठेवायचे कारण मेल्यावर न्याय त्याचाच होणार. ॲरिस्टॉटलसारखा माणूससुद्धा विचार हृदयात होतो म्हणायचा, मेंदूचं काम काय तर रक्त थंड करणं. आपल्या भाषेत रेडिएटर.

आता कापूसकोंड्या, तुझ्या काकूंबद्दल. त्यांना माझा नमस्कार सांग. "मी म्हणताना हात छातीवर जातो" हा मुद्दा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात क्रिसिपस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञानं जवळपास याच शब्दांत मांडला होता! मन हृदयात आहे याचा पुरावा म्हणून. आणखी एक पुरावा ते लोक द्यायचे, की आवाज छातीतून येतो, बोलणं म्हणजे विचार, म्हणून विचारही छातीत.

याला उत्तर मिळायला चारेकशे वर्षं लागली. गॅलन हा पेर्गामोनमधे जखमी मल्लांवर उपचार करायचा, तलवारीने लढणारे मल्ल, त्यामुळे माणूस आतून कसा असतो हे त्यानं पुष्कळ पाहिलेलं. त्यानं लोकांसमोर एक डुक्कर बांधलं, ते जीव खाऊन ओरडत होतं, मानेतल्या दोन बारीक नसा त्यानं कापल्या आणि आवाज बंद. डुक्कर धडपडतंय, श्वास घेतंय, पण आवाज नाही. त्या नसा येतात मेंदूकडून. गंमत म्हणजे त्या सरळ गळ्यात जात नाहीत, आधी खाली छातीत उतरतात आणि वळून परत वर येतात. म्हणजे क्रिसिपसचं छातीकडे बोट दाखवणं अगदीच वाया नव्हतं, रस्ता खरंच छातीतून जातो, फक्त मुक्काम तिथं नाही.

संत्रा_बर्फी :
सर मस्त!! माझी पण एक भर. मेंदूसाठी अरबी शब्द दिमाग, तो मराठीत आला आणि झाला दिमाख. दिमाखदार लग्न, दिमाखात मिरवणूक. म्हणजे आपण त्यांचा मेंदू घेतला आणि त्याची वरात काढली 😄 नागपूरकडे मात्र दोन्ही चालतात, "दिमाग नको खाऊ बे" आणि "मोठा दिमाख दाखवून रायला" एकाच वाक्यात पण ऐकलंय.

आणि मगज. फारसीत मगज म्हणजे मेंदू पण आणि आतला गर पण. आमच्या मिठाईच्या दुकानात मगज बी म्हणजे टरबूज-खरबुजाच्या सोललेल्या बिया, लाडवावर लावतात. लहानपणी बाबा म्हणायचे मगज खाल्ल्याने मगज वाढतो, आणि मला वाटायचं हे काहीतरी सायन्स आहे.

काढा_पण_गोड :
मी बीएएमएस तिसऱ्या वर्षाला आहे म्हणून राहवत नाहीये. सगळे ग्रीसमधेच फिरताय, घरचं पण बघा ना. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात आत्मा, चित्त, इंद्रियं सगळं हृदयाच्या आश्रयाला आहे असं सरळ सांगितलंय. पण त्याच सूत्रस्थानात सतराव्या अध्यायात डोक्याला उत्तमांग म्हटलंय, प्राण आणि सगळी इंद्रियं तिथे राहतात म्हणून. आता काय घ्या. आणि भेलसंहिता या आयुर्वेदाच्याच दुसऱ्या जुन्या ग्रंथात तर मन डोकं आणि टाळू यांच्या मधे असतं असं स्पष्ट जागेसकट आहे, चित्त मात्र तिथेही हृदयात! म्हणजे मन वर, चित्त खाली. व्हायव्हाला मला हाच प्रश्न आला होता, मी फक्त चरक सांगितला आणि सरांनी भेल विचारला, मी गप्प. तेव्हापासून पाठ आहे.

आणि न्यायदर्शनवाले, म्हणजे आपले जुने तर्कशास्त्रवाले, वेगळंच सांगतात, मन अणूएवढं बारीक आहे आणि म्हणूनच एका वेळी एकच ज्ञान होतं. माझी आई भाकरी थापता थापता फोनवर बोलते आणि सिरीयल पण बघते, तिला हे सांगितलं तर म्हणाली बरोबर आहे, म्हणूनच एखादी करपते.

खरं_ते_सांगा :
हे सगळं ऐकायला छान आहे पण आपण २१व्या शतकात आहोत ना? मन म्हणजे मेंदूच, विषय संपला. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे एक पेशंट आला, त्याला फक्त "टॅन" एवढंच बोलता यायचं, दुसऱ्याचं सगळं कळायचं पण काही विचारलं की टॅन टॅन. तो गेल्यावर मेंदू काढून पाहिला तर डाव्या बाजूला पुढे एक जागा खराब झालेली. बोलणं तिथे होतं, हे डोळ्याने दिसलं. लकवा झालेल्या माणसाच्या घरी जा, उजवा हात गेला आणि बोली गेली असं बऱ्याचदा सोबतच दिसतं, ते यामुळेच. काळीज बिळीज कवितेसाठी ठेवा. लोकांना मेंदू हा शब्द शिकवा म्हणजे भगताकडे जाणार नाहीत.

निवृत्त_खडू :
शिकवा की, मी तीस वर्षं तेच केलं, पोरं परीक्षेत मेंदूची आकृती सुबक काढायची आणि घरी जाऊन "डोस्कं दुखते" म्हणायची. मेंदू दुखतो असं मराठीत कोणी म्हणत नाही हो. भाषेत मेंदूला अजून काही "होत" नाही, फार तर ताप चढतो. जे काही होतं ते डोक्याला, जिवाला, मनाला आणि काळजाला होतं.

आणि विषय एवढ्यात संपत असता तर देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ अडकला नसता. तो म्हणाला मन वेगळं, शरीर वेगळं यंत्र. १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं त्याला पत्रात विचारलं, मनाला जर अंगच नाही तर ते हाताला ढकलतं कशानं? साधा प्रश्न, आपली कुठलीही शेतकरीण विचारेल असा, बैल नाही तर वखर ओढतं कोण. त्याला नीट उत्तर देता आलं नाही. पुढे १६४९ च्या पुस्तकात त्यानं दोघांची भेट मेंदूच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढ्या एका ग्रंथीत घडवली, कारण काय तर मेंदूत बाकी सगळं जोडीनं आहे आणि ती एकटीच आहे. तुम्ही म्हणता तसं मन म्हणजे मेंदूच असेल, पण काकूंचं सोयाबीन गेलं ते मेंदूच्या कोणत्या घडीत जाऊन बसलं हे ईसीजीत येत नाही ना.

खरं_ते_सांगा :
ईसीजीत येणारच नाही सर, तो हृदयाचा असतो 🙂

निवृत्त_खडू :
हो, ते मान्य. शिक्षकाचीच चूक काढलीत.

पायपीट_ताई :
मी आशा वर्कर आहो, बारा वर्षं झाले. दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण मले हे रोज पडते.

भाऊ, "मानसिक" शब्द गावात चालतच नाई. नागपूरले मेंटल हॉस्पिटलजवळच्या चौकाले लोक अजून पागलखाना चौक म्हन्तात, मानसिक म्हटलं का बाईच्या डोळ्यापुढं तेच येते, अन् पोरीच्या लग्नाचं काय होईन हे त्याच्या आधी येते. "डिप्रेशन" आता पोट्टे म्हन्तात पण मोबाईल हिसकला तरी डिप्रेशन म्हन्तात म्हणून त्यालेही वजन उरलं नाई. "टेन्शन" चालते, पण टेन्शनची गोळी कायले घ्याची म्हणून बाया घेत नाईत.

मी काय करतो, नाव देतच नाई. "लागलं" म्हन्तो. पाहा ना आपल्या बोलीत, भूक लागते, झोप लागते, जीव लागते, येड लागते, घोर लागते. सगळं भायेरून येऊन चिकटते, अन् चिकटलेलं निघते पण. "काकू तुमच्या जिवाले घोर लागला, तो काढाव लागन" असं म्हटलं तर बाई ऐकते, रडते पण, मंग गोळीही घेते. "तुम्ही मानसिक आहा" म्हटलं का ती बाईच तशी झाली, लागलं नाई, आहे. ट्रेनिंगमधे हे कोणी सांगत नाई.

निवृत्त_खडू :
ताई, फार खरं आहे. "पिसा" हा जुना शब्द पिशाच या शब्दातूनच आलाय, म्हणजे तिथंही भाषेचा समज तोच, बाहेरचं काहीतरी. आणि आपल्या विदर्भात हा शब्द नुसता शिवीचा नव्हता. तेराव्या शतकात रिद्धपूरच्या संत गोविंदप्रभूंना गाव वेडे, पिसे म्हणायचं आणि अडचण आली की "राउळ माय, राउळ बाप" करत त्यांच्याकडेच धावायचं. सूफी संत ताजुद्दीनबाबांना तर १८९२ मध्ये नागपूरच्या पागलखान्यातच ठेवलं होतं, लोक तिथं जाऊन दर्शन घ्यायचे, शेवटी १९०८ मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना बाहेर आणलं. एकच गाव एकाच माणसाला दोन्ही म्हणतं.

काढा_पण_गोड :
सर पण याचा उलटा धोका पण आहे ना, "लागलं" म्हटलं की काढायला लोक भगताकडेच जातात. मोर्शीकडच्या माझ्या मैत्रिणीच्या मावशीला सहा महिने उतारे करत बसले होते.

पायपीट_ताई :
जातात. मी मनाई नाई करत, मनाई केली तर मलेच दारात उभं करत नाईत. मी म्हन्तो उतारा सांजच्याले करा, गोळी सकाळी घ्या. दोन्हीचा टाइम वेगळा आहे.

कापूसकोंड्या :
सर्वायचे आभार. काकूले डुकराची गोष्ट सांगितली काल जेवताना. ती म्हणे, "डुकराचं नरडं कापल्यावर ते वरडन काय? त्याले परदेशात जाऊन शिकाव लागते काय?" 😂 मी म्हटलं नरडं नाई, दोऱ्यासारखी नस होती, श्वास चालू होता. मंग जराशी गप्प झाली. हात छातीवरच होता तिचा. म्हणे, "मंग माह्याही कोन्त्या नसीले काही झालं असन." मले वाटते मानसिक पेक्षा हे तिले पटलं.

अन् तिचा खरा राग वेगळाच निघाला, तो पोरगा आजी म्हन्ला म्हणून. छप्पन वय आहे तिचं.

बुधवारी परत नेतो. या वेळी मीच मराठीत चिठ्ठी लिहून नेणार आहो, डॉक्टरच्या हातात देतो: "काळीज खालीवर होते. झोप नाही. रात्री उठून बसते. दोन महिने झाले. पीक गेल्यापासून." ताई अजून काही टाकू काय?

पायपीट_ताई :
जेवण जाते काय नाई ते टाक, वजन कमी झालं असन तर ते टाक, अन् जिवाचं काही वाईट बोलते काय हे तू एकटाच असताना डॉक्टरले सांग, तिच्यासमोर नाई. "पीक गेल्यापासून" हे खाली काहून लिहिलं, ते पहिल्या ओळीत घे.