लॅटिन आधी की रोमचा इतिहास?

मुलीला घरी शिकवताना आधी लॅटिनचं व्याकरण घ्यावं की रोमचा इतिहास, असं एका पालकाने विचारलंय. माझ्या मते दोन्ही एकत्रच. तिला शाळेत संस्कृत असेल तर भीती नकोच: लॅटिनला विभक्त्या मुख्यतः सहा, नामांना द्विवचन नाही. रूपं मात्र मोठ्याने म्हणूनच पाठ करून घ्या.

इतिहासात सम्राटांची यादी नको. रोमची कार्थेजशी (उत्तर आफ्रिकेतलं बलाढ्य शहर) झालेली तीन युद्धं (इ.स.पू. २६४ ते १४६) सावकाश घ्या, कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्ती घेऊन आल्प्स कुठून कसा उतरला, ते नकाशा पसरून बघा. फार रंगतं ते!

आणि त्या जगाच्या खुणा आपल्याकडेही बघा: पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरून कार्ल्याच्या लेण्यांना जाच. तिथल्या चैत्यगृहातल्या खांबांवर यवन (ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परदेशी) दात्यांचे लेख आहेत. कोल्हापूरला गेलात तर तिथल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची (ग्रीकांचा समुद्रदेव) कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात तिला दाखवा.