दुबईत लायसन्स फुकट झालं, रद्द नाही

बरदुबईकर:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "युएईत दारूचं आता सगळं मोकळं. लायसन्स गेलं, टॅक्स गेला, बिनधास्त या." नोकरीवर येणारी नवी पोरं असलं वाचून विमानात बसतात, म्हणून लिहावंच लागतंय. लायसन्स गेलं ते अबुधाबी या अमिरातीत (युएईतलं एक राज्य), २०२० मध्ये. दुबईत जानेवारी २०२३ पासून फक्त फी गेली, आधी २७० दिरहम लागायचे. लायसन्स आजही काढावं लागतं. वय २१ पूर्ण हवं, मुस्लिम नसावं. दुकानातच एमिरेट्स आयडी (इथलं सरकारी ओळखपत्र) देऊन फॉर्म भरायचा. टुरिस्टला पासपोर्टवर ३० दिवसांचं मिळतं. आणि ३० टक्के पालिका कर फक्त स्थगित होता, १ जानेवारी २०२५ ला परत लागू झाला. शिवाय ५ टक्के व्हॅट.

सातारा_टू_दुबई:
उगाच घाबरवताय. बारमध्ये कोण लायसन्स मागतं? दुकानात महाग पडतं ना, मग उम्म अल कुवैन ही दुसरी अमिरात गाठा. ना लायसन्स, ना ते ३० टक्के. दोन पेट्या बिअर आणि चार बाटल्या घेतल्या की पेट्रोल कधीच वसूल.

अल_नहदा:
आणि येताना रस्ता कुठून? ई-११ हायवे घ्या, ई-३११ घ्या नाहीतर ई-६११, मध्ये शारजा अमिरात लागतेच. शारजात १९८५ पासून पूर्ण बंदी आहे. विकणं, पिणं, बाळगणं, काहीच चालत नाही. दुबईचं लायसन्स तिथे कागदाचा तुकडा.

सातारा_टू_दुबई:
सीलबंद माल डिकीत. कोण उघडून बघतं? हजारो लोक नेतात.

अल_नहदा:
डिकी उघडायला नाकाबंदी लागत नाही हो! संध्याकाळी ई-३११ वर गाड्या एकमेकींना चिकटून चालतात. मागून कोणी ठोकलं, तर चूक त्याची असली तरी पोलिसांत रिपोर्ट करावाच लागतो, कारण रिपोर्टशिवाय गॅरेज साध्या ओरखड्यालाही हात लावत नाही. मागून बसलेल्या धक्क्यात पहिली चेपते ती डिकी. वाकलेलं झाकण, आत फुटलेल्या बाटल्या, रस्त्यावर वास, आणि समोर शारजाचा पोलीस. सांगा आता, किती दिरहम वाचले?

गोदाकाठ:
त्यांना कशाला नावं ठेवता? आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, प्यायला परमिट लागतंच. कडक दारूला २५ वर्षं, बिअर-वाइनला २१. वर्धा, गडचिरोलीत तर बंदी. नागपुरात रीतसर घेतलेली बाटली वर्ध्याला नेली की गुन्हा. शारजा याहून वेगळं काय?

बरदुबईकर:
नावं कोणीच ठेवत नाही. त्यांचा देश, त्यांचा कायदा. फरक परिणामात आहे. इथे पोलीस केस झाली की व्हिसा आणि नोकरी दोन्ही टांगणीला लागतात. आणि बारमध्ये जाणाऱ्यांनो, पिऊन गाडीला हात नको. इथे 'थोडीशी चालते' अशी मर्यादाच नाही. मार्च २०२५ पासूनच्या वाहतूक कायद्यात २० हजार ते १ लाख दिरहम दंड किंवा कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देते आणि ती तुमच्याकडून वसूल करते. टॅक्सीच करा.

सातारा_टू_दुबई:
बरं, शारजातून नेण्याचा मुद्दा सोडला असं धरा. पण पगारदार माणसाने ३० टक्के मुकाट भरायचे, हे मला पटलेलं नाही.

बरदुबईकर:
मग सुट्टीवरून परतताना दुबई विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळच्या ड्युटी फ्रीत घ्या. माणशी ४ लिटर, किंवा बिअरचे २ खोके, प्रत्येकी २४ कॅनचे. पालिका कर नाही.

अल_नहदा:
घर दुबईत असेल तरच. भाडं कमी म्हणून आपली निम्मी मंडळी शारजात राहतात. नहदा वस्तीत तर रस्त्याच्या अलीकडे दुबई, पलीकडे शारजा, नाव एकच. ड्युटी फ्रीची पिशवी घेऊन टॅक्सीने तो रस्ता ओलांडलात की पावती कितीही रीतसर असो, उपयोग नाही. शारजात राहणाऱ्याने दुबईत बसूनच प्यावं आणि रिकाम्या हाताने घरी जावं.