मदत हवी आहे: लेंडर फ्लड इन्शुरन्स मागतोय (न्यू जर्सी)
नमस्कार मंडळी, फेमाचा (अमेरिकेची सरकारी आपत्ती-व्यवस्थापन संस्था) पूर-नकाशा बदलला आणि आमचं घर झोन एईमध्ये, म्हणजे पुराचा जास्त धोका असलेल्या भागात गेलं, आता लेंडरचं (गृहकर्ज देणाऱ्याचं) पत्र आलंय की ४५ दिवसांत फ्लड पॉलिसी दाखवा नाहीतर आम्हीच घेऊ आणि पैसे एस्क्रोतून (हप्त्याबरोबर विमा-टॅक्सचे पैसे जमा होतात ते खातं) वळते करू, म्हणजे महिन्याचा हप्ता वाढलाच की! घराच्या नेहमीच्या होमओनर्स विम्यात पूर धरत नाहीत. मागचा ओढा घरापेक्षा बराच खाली आहे हो, बेसमेंटला आजवर साधी ओल नाही. घराला लागून असलेली सगळ्यात खालची जमीन पूरपातळीच्या वर निघाली तर लोमा (घर पूरक्षेत्रात नाही असं फेमाचं पत्र) मिळतं, फेमाची फी नाही पण सर्व्हेअर पैसे घेतोच. कोणी केलंय का? किती घेतले, आणि लोमा आल्यावर लेंडरने अट काढली का? तोपर्यंत एनएफआयपी (सरकारी पूरविमा) घेऊ की प्रायव्हेट? लेंडरने गळ्यात मारलेल्या महागड्या पॉलिसीपेक्षा काहीही चालेल.