डिग्री कॉम्प्युटरची, जायचंय मेडिकलला: पोस्ट-बॅक कोणता घ्यावा?

काठापदर (न्यू जर्सी):

नमस्कार मंडळी. मुलीची कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची डिग्री २०२२ ची, एकूण १२८ क्रेडिट, जीपीए (मार्कांची सरासरी) ४ पैकी ३.१२. आता तिला इथेच एमडीसाठी, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या मूळ डिग्रीसाठी, अर्ज करायचा आहे. झालेले विषय असे: कॅल्क्युलस वगैरे गणित, फिजिक्स दोन सेमिस्टर लॅबसकट (बी आणि सी-प्लस), जनरल केमिस्ट्री एकच सेमिस्टर (सी). बायोलॉजी शून्य. ग्रीन कार्ड आहे. समोर तीन वाटा दिसतात: खाजगी कॉलेजचा एक वर्षाचा पोस्ट-बॅक (डिग्रीनंतर मेडिकलला लागणारे सायन्सचे विषय करण्याचा कोर्स), राज्याच्या युनिव्हर्सिटीत सुटे कोर्स, नाहीतर मेडिकल कॉलेजला जोडलेला एक वर्षाचा मास्टर्स, ज्याला एसएमपी म्हणतात. ओळखीतले सगळे म्हणतात मास्टर्स करू दे, उद्या प्रवेश नाही मिळाला तरी डिग्री हातात राहील. काय बघून ठरवायचं?

ऑर्गो_आणि_चहा:

ओळखीतल्यांचं तूर्त ऐकू नका. एसएमपी हा तिच्यासाठी आत्ता चुकीचा आहे, आणि कारण साधं आहे. एसएमपीत मुलं मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे किंवा त्याच तोडीचे विषय शिकतात. जॉर्जटाऊनसारख्या जुन्या कोर्समध्ये तर मेडिकलच्या मुलांबरोबर तेच पेपर देतात. ज्यांची बायोलॉजी, ऑर्गॅनिक केमिस्ट्री सगळी झालीय पण मार्क कमी पडले, त्यांच्यासाठी ती शेवटची संधी असते. तिथे बी आणि सी पडले तर 'याला मेडिकलचा अभ्यास झेपत नाही' हे लेखी होऊन बसतं, मग पुढे दुरुस्तीला जागा उरत नाही. बायोलॉजी शून्य असताना बहुतेक ठिकाणी अर्जच टिकणार नाही. हातात राहणारी डिग्री म्हणाल, तर बायोमेडिकल सायन्सेसच्या एका वर्षाच्या मास्टर्सला नोकरीच्या बाजारात फार भाव नाही. तिची इंजिनीअरिंगची डिग्री त्याहून कितीतरी भक्कम आहे.

आता खाजगी पोस्ट-बॅक. ब्रिन मॉर, गाऊचर यांसारखे एक वर्षाचे कोर्स 'करिअर चेंजर'साठी असतात: ज्यांनी सायन्सचे विषय घेतलेलेच नाहीत, पण आधीच्या डिग्रीत मार्क उत्तम आहेत. मुलगी विषयांच्या बाबतीत करिअर चेंजर आहे, मार्कांच्या बाबतीत नाही. ३.१२ वर असे कोर्स सहसा घेत नाहीत, आणि फिजिक्स पूर्ण व केमिस्ट्री अर्धी झालेली असणं हीसुद्धा तिथे अडचणच ठरते. तिला नवे विषयही हवेत आणि जुने मार्कही वर ओढायचेत. दोन्ही कामं एकदम करणारी जागा म्हणजे पदवी पातळीवरचे भरपूर कोर्स, दोन वर्षं, स्वस्तात. तुमची दुसरी वाट.

आकडे मांडून बघा. १२८ × ३.१२ = ३९९.३६ गुण. वर ३६ क्रेडिट ३.९ ने केले तर १४०.४ ची भर. ५३९.७६ भागिले १६४ म्हणजे ३.२९. दोन वर्षं घासून एकूण जीपीए एवढाच हलतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. पण अर्जात सायन्सचा जीपीए वेगळा दिसतो: बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित. इंजिनीअरिंगचे आणि प्रोग्रॅमिंगचे कोर्स त्यात धरत नाहीत. समजा तिचे जुने ३२ क्रेडिट त्यात मोडतात आणि सरासरी २.९ आहे, ३६ नवे ३.९ ने आले तर तो ३.४३ होतो. शिवाय अर्जात पोस्ट-बॅकची वेगळी ओळ असते, तिथे ३.९ स्वच्छ दिसतो. वाचणारा ती चढण बघतो. मास्टर्सचे मार्क मात्र वेगळ्या रकान्यात जातात, पदवीचा जीपीए त्याने तसूभरही हलत नाही. हे कोर्स विकणारे आपणहून सांगत नाहीत.

सातवी_लॅब:

वरच्याला अनुमोदन. वेळापत्रकाबद्दल भर घालतो, कारण गाडी अडते ती तिथेच.

केमिस्ट्रीची साखळी तोडता येत नाही: जनरल १, जनरल २, ऑर्गॅनिक १, ऑर्गॅनिक २, मग बायोकेमिस्ट्री. एक कडी हुकली की अख्खं वर्ष जातं, कारण बऱ्याच कॉलेजांत ऑर्गॅनिक १ फक्त फॉलमध्ये (उन्हाळ्यानंतरच्या सेमिस्टरला) सुरू होतं. म्हणून जनरल केमिस्ट्री २ उन्हाळ्यातच उरकायची. फॉलमध्ये ऑर्गॅनिक १ आणि बायोलॉजी १, स्प्रिंगमध्ये दोन्हीचे पुढचे भाग. दुसऱ्या वर्षी बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, मायक्रोबायोलॉजी. प्रत्येकी चार धरले तर हे छत्तीस क्रेडिट होतात. स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी मध्ये कुठेतरी बसवा. शेवटचे दोन एमकॅटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी.

अर्ज मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला पाठवायचा, आणि प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टचा. मधल्या रिकाम्या वर्षाला 'ग्लाइड इयर' म्हणतात. पहिल्या वर्गापासून मेडिकलच्या पहिल्या दिवसापर्यंत सरळ तीन वर्षं धरून चाला.

सुट्या कोर्सची खरी डोकेदुखी म्हणजे रजिस्ट्रेशन. डिग्रीसाठी नसलेल्या विद्यार्थ्याला नंबर सगळ्यात शेवटी मिळतो, तोवर ऑर्गॅनिकच्या लॅबच्या जागा संपलेल्या असतात. पैसे भरण्याआधी ॲडमिशन ऑफिसला नेमकं विचारा: 'नॉन-डिग्री विद्यार्थ्याची नोंदणी कोणत्या तारखेला उघडते, आणि मागच्या फॉलमध्ये लॅबच्या जागा कधी भरल्या?' काही युनिव्हर्सिट्या सुट्या कोर्सवाल्यांना पोस्ट-बॅक सर्टिफिकेटखाली घेतात आणि नोंदणीत पुढे सरकवतात. काही ठिकाणी दुसरी बॅचलर्स डिग्री घेतोय असं दाखवून नोंदणी होते, पण सगळीकडे तशी सोय नाही.

आणि नोकरी सोडणार नसेल तर पहिल्या सेमिस्टरला लॅबचे दोन विषय एकदम घेऊ नका. चार तासांची लॅब, रिपोर्ट, वर ऑर्गॅनिक. पहिल्याच सेमिस्टरला बी-मायनस आला की चढणीची गोष्टच मोडते. उन्हाळ्यात एक विषय घेऊन अंदाज घ्यावा.

काठापदर:

खूप आभार दोघांचेही. दोन शंका. केमिस्ट्री १ चा सी पुन्हा देऊन सुधारावा का? आणि खाजगी पोस्ट-बॅकवाले 'लिंकेज' आणि '९० टक्क्यांच्या वर प्रवेश' असं सांगतात, त्याचं काय?

ऑर्गो_आणि_चहा:

सी पुन्हा दिला तर दोन्ही मार्क मोजले जातात, जुना पुसला जात नाही. ऑस्टिओपॅथीच्या म्हणजे डीओच्या (इथली डॉक्टरकीची दुसरी डिग्री) अर्जात पूर्वी नवा मार्क जुन्याची जागा घ्यायचा. ती सोय २०१७ ला बंद झाली, पण जुने सल्ले अजून फिरतात. बहुतेक कॉलेजांना सी चालतो, सी-मायनस चालत नाही. फिजिक्सचा सी-प्लस तसाच राहू द्या. केमिस्ट्रीचा निर्णय मार्कांवर नको, पायावर घ्या: पीएच, इक्विलिब्रियम, बफर, थर्मो यांची जुनी परीक्षा तिला आज घरी सोडवायला द्या. ७० टक्क्यांच्या आत अडकली तर पुन्हा घ्यावी, नाहीतर पुढचं सगळं डळमळेल. त्यापुढे असेल तर सरळ केमिस्ट्री २.

एमकॅट बायोकेमिस्ट्री झाल्याशिवाय नको. चार भाग, प्रत्येकी ११८ ते १३२, एकूण ४७२ ते ५२८. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते; तिचा जीपीए बघता त्याच्या वर हवा. एका वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा, जन्मात सातदाच देता येते, आणि प्रत्येक वेळचा स्कोअर कॉलेजला दिसतो. म्हणून 'एकदा बसून बघू' हा आपला एंट्रन्सचा खाक्या इथे अंगाशी येतो. इंजिनीअर मुलं सायन्सला घाबरतात आणि उताऱ्यांच्या भागात, म्हणजे कार्समध्ये, मार खातात. रोज दोन उतारे, सहा महिने आधीपासून.

हिशेबी_माणूस:

लिंकेज आणि टक्क्यांचं मी सांगतो.

लिंकेज म्हणजे पोस्ट-बॅक चालू असतानाच ठरावीक मेडिकल कॉलेजला अर्ज करायचा आणि ग्लाइड इयर वाचवायचं. अट अशी की सहसा एकाच ठिकाणी अर्ज, आणि घेतलं तर तिथेच जायचं. जीपीए आणि एमकॅटचा उंबरठा वेगळा असतो, काही ठिकाणी जुन्या डिग्रीचा जीपीएही बघतात. यादीत दहा कॉलेजं छापलेली असली तरी विचारायचं एवढंच: गेल्या तीन वर्षांत प्रत्येक लिंकवरून किती जण गेले? बऱ्याच ओळींपुढे शून्य निघतं.

टक्क्यांचा छेद कुठला ते बघा. शंभर जण शिरले, वीस मध्येच सोडून गेले, वीस जणांना कमिटी लेटर (कॉलेजचं शिफारसपत्र) नाकारलं, उरलेल्या साठातले चोपन्न लागले, की छापतात ९० टक्के. शिरलेल्यांपैकी म्हणाल तर ५४. प्रश्न असा विचारा: 'सुरुवातीला नाव नोंदवलेल्यांपैकी किती जण मेडिकलला गेले, आणि कमिटी लेटरसाठी किमान जीपीए किती?' उत्तर टाळलं तर तेच उत्तर.

पैशाचं. डिग्री नसलेल्या पोस्ट-बॅकला फेडरल कर्ज मिळतं, पण ते फक्त सलग बारा महिन्यांसाठी, आणि स्वतंत्र (पालकांवर अवलंबून न धरलेल्या) विद्यार्थ्याला जास्तीत जास्त १२,५०० डॉलर. कोर्स कमीतकमी अर्धवेळ हवेत आणि ते प्रवेशासाठी लागतात असं कॉलेजने लिहून द्यावं लागतं. म्हणून हे कर्ज ज्या वर्षी जास्त क्रेडिट आहेत त्याच वर्षी उचला, उन्हाळ्यातल्या एका कोर्ससाठी ते वर्ष जाळू नका. एसएमपीवाल्यांचं गणित तर बदललंच आहे: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदाराला ग्रॅड प्लस हे फेडरल कर्ज नाही, मास्टर्सला वर्षाला २०,५०० ची मर्यादा, वरचं खाजगी कर्ज. टॅक्समध्ये लाइफटाइम लर्निंग क्रेडिट बघा, १०,००० पर्यंतच्या फीच्या २० टक्के, म्हणजे २,००० डॉलर. जॉइंट रिटर्नला १,६०,००० उत्पन्नापासून ते कमी होत जातं. न्यू जर्सीत राहताय तर राज्याच्या युनिव्हर्सिटीत इन-स्टेट म्हणजे रहिवाशांची कमी फी मिळेल. ती सोडून खाजगीला जायला काहीतरी फार मोठं कारण लागेल.

फार्मसीची_पोर:

याच धाग्यात विचारते. पुण्याची बी.फार्म., एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीवरचा व्हिसा), टेक्ससमध्ये. माझ्या बायोकेमिस्ट्री, फार्माकॉलॉजीचा इथे उपयोग होईल का?

सातवी_लॅब:

ताई, एमडीच्या अर्जात परदेशातल्या मार्कांचा जीपीए काढतच नाहीत. कॉलेज लिहायचं, पण आकडा रिकामा. बरीच कॉलेजं अमेरिका किंवा कॅनडातले ९० क्रेडिट, नाहीतर इथली पूर्ण डिग्री मागतात. त्यामुळे ३२ क्रेडिटचा पोस्ट-बॅक तुम्हाला पुरणार नाही. दुसरी बॅचलर्सच धरा, आणि आधी त्या युनिव्हर्सिटीकडून बी.फार्म.चे किती क्रेडिट वळते होतात ते लेखी घ्या. वळते झाले तरी प्रवेशाला लागणारे विषय इथे पुन्हा करावे लागतील असंच गृहीत धरा. डीओच्या अर्जात परदेशी ट्रान्स्क्रिप्टचं मूल्यांकन चालतं, पण तिथेही कॉलेजनिहाय अटी आहेत.

एच-४ वर पूर्ण वेळ शिकता येतं, व्हिसा बदलावा लागत नाही. अडचण पुढे आहे. ग्रीन कार्ड नसलेल्यांना बरीच मेडिकल कॉलेजं घेत नाहीत, घेतात त्यातली काही एक ते चार वर्षांची फी आधी बाजूला ठेवलेली दाखवायला सांगतात, आणि फेडरल कर्ज मिळत नाही. एमडी कॉलेजांची एमएसएआर नावाची यादी आहे, ती वर्गणी भरून उघडा, आंतरराष्ट्रीय अर्जदार घेणारी कॉलेजं गाळून मोजा, मगच पहिल्या कोर्सची फी भरा. आणि ईएडी (काम करण्याचा परवाना) नसेल तर स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा) किंवा मेडिकल असिस्टंटची पगारी कामं करता येणार नाहीत. हॉस्पिटलची नोंदणीकृत व्हॉलंटियरिंग आणि शॅडोइंग (डॉक्टरांसोबत राहून काम बघणं) यावरच अनुभवाचे तास भरा.

काठापदर:

मुलीला धागा वाचून दाखवला. उन्हाळ्याआधीच जनरल केमिस्ट्रीची जुनी परीक्षा घरी घेतो, मग ठरवतो. नॉन-डिग्री नोंदणीची तारीख विचारणारी मेल आत्ताच पाठवली.